शोधनिबंध ऑनलाइन मांडताना: आधी हक्क, मग फाइल, मग चर्चा

नाशिकमधले पीएचडीचे विद्यार्थी आणि महाविद्यालयांतले प्राध्यापक शोधनिबंध ऑनलाइन टाकतात तेव्हा बहुतेकदा क्रम उलटा होतो. जर्नलची पीडीएफ मेलवर येते, त्याच संध्याकाळी ती रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर चढते, लिंक विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. हक्क कोणाचे, सहलेखकांना विचारलं का, फाइलमध्ये शेतकऱ्याचा गट नंबर राहिलाय का, हे प्रश्न प्रकाशकाची नोटीस किंवा एखाद्या सहलेखकाचा नाराजीचा फोन आल्यावर सुचतात.

दुसरी चूक मला जास्त सलते. निबंध टाकला की काम संपलं, असं समजलं जातं. निबंध मांडायच्या या ऑनलाइन जागा आहेत त्या चर्चेसाठी, आणि चर्चेची तयारी जवळजवळ कोणीच करत नाही. म्हणून खाली टप्पे क्रमाने दिले आहेत. पहिले दोन टप्पे पूर्ण होईपर्यंत कुठेही खातं उघडून काही अपलोड करू नका.

टप्पा १: हातात कोणती प्रत आहे ते ओळखा

एकाच निबंधाच्या तीन प्रती असतात. समीक्षकांचे शेरे येण्याआधीची, तुम्ही जर्नलला पाठवलेली प्रत म्हणजे प्रीप्रिंट. शेऱ्यांप्रमाणे सुधारलेली आणि संपादकांनी मान्य केलेली, पण अजून जर्नलच्या साच्यात न बसवलेली वर्ड फाइल म्हणजे स्वीकृत प्रत. जर्नलचा लोगो आणि पान क्रमांक असलेली सुबक पीडीएफ म्हणजे प्रकाशित प्रत.

मजकूर तिन्हींत जवळपास तोच असतो, पण परवानगी प्रत्येकीची वेगळी. प्रीप्रिंट मांडायला बहुतेक मोठे प्रकाशक हरकत घेत नाहीत. स्वीकृत प्रतीला अनेकदा मुदत असते: प्रकाशनानंतर १२ महिने, काही जर्नल्सना २४. प्रकाशित प्रत मुक्त परवान्याखाली छापली नसेल, तर ती सार्वजनिक ठिकाणी टाकण्याचा हक्क बहुधा तुम्ही कॉपीराइट फॉर्मवर सही करून देऊन टाकलेला असतो. ‘मीच तर लिहिलंय’ हे कारण तिथे चालत नाही. याच मुद्द्यावर २०१७ मध्ये एल्सव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी रिसर्चगेटविरुद्ध कोर्टात गेले. २०२३ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून तिथे अपलोड करतानाच फाइलचे हक्क तपासले जातात.

जर्नलचं धोरण बघायला जिस्क या ब्रिटिश संस्थेचं ओपन पॉलिसी फाइंडर वापरा. जुन्या मंडळींना ते शेर्पा रोमिओ म्हणून माहीत असेल. जर्नलचं नाव किंवा आयएसएसएन क्रमांक टाकला की कोणती प्रत, कुठे आणि किती मुदतीनंतर टाकता येते ते दिसतं. आपल्याकडची बरीच छोटी जर्नल्स त्यात सापडत नाहीत. मग संपादकांना दोन ओळींची मेल करा: निबंधाचं नाव, कोणती प्रत, कुठे ठेवायची आहे. उत्तर आलं की ते पीडीएफ करून निबंधाच्याच फोल्डरमध्ये ठेवा. फोनवरची तोंडी परवानगी दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही.

इशारा: १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी संस्थांना हजारो जर्नल्स वाचायला मिळू लागली. ती परवानगी वाचण्यासाठी आहे. तिथून उतरवलेली पीडीएफ, स्वतःची असली तरी, सार्वजनिक पानावर चढवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

तपासणी: जर्नलचं नाव, प्रतीचा प्रकार, मुदत संपण्याची तारीख आणि परवानगीचा पुरावा, या चार गोष्टी एका कागदावर लिहिता येतात का? एखादी रिकामी राहिली तर इथेच थांबा.

टप्पा २: माणसांची संमती, आणि जे आधी करावंच लागतं ते

सगळ्या सहलेखकांची लेखी संमती घ्या. गाइड सरांनी ‘टाक’ म्हटलं म्हणजे चौघांनी म्हटलं असं होत नाही. प्रयोगशाळा सहायक, आकडेवारी करून देणारी मैत्रीण, नमुने गोळा करणारे कृषी पदवीधर यांच्यापैकी कोण लेखक आणि कोणाचे आभार, हे आत्ताच ठरवा. लेखकांचा क्रम प्रीप्रिंटवर एकदा जाहीर झाला की तो बदलणं फार अवघड जातं आणि संबंध दुखावतात. साधी पद्धत अशी: अंतिम फाइल सर्वांना एकाच मेलमध्ये पाठवा, सात दिवस द्या, आणि प्रत्येकाकडून ‘ही आवृत्ती, या क्रमाने, या ठिकाणी जाहीर करायला माझी संमती आहे’ एवढं एक वाक्य मागा.

पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी, प्रीप्रिंट नंतर. अर्जापूर्वी जाहीर झालेली गोष्ट पेटंटच्या दृष्टीने नवी राहत नाही, आणि आपल्या कायद्यातले अपवाद फार मोजके आहेत. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यासोबत प्रकल्प असेल तर त्यांच्याशी झालेल्या करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा आणि त्यांची मेलही फाइलमध्ये ठेवा.

वैद्यकीय काम असेल तर नीतिसमितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि क्लिनिकल ट्रायल असल्यास सीटीआरआय, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतली नोंदणी हाताशी हवी. मेडआर्काइव्ह हे वैद्यकीय प्रीप्रिंटचं संकेतस्थळ ही माहिती विचारतंच. रुग्णाचं वय, गाव आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र दिली की नाव न देताही माणूस ओळखता येतो, तालुक्याच्या ठिकाणी तर लगेच. आणखी एक गोष्ट: एकाच रुग्णाची केस रिपोर्ट मेडआर्काइव्ह घेत नाही, त्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यासाठी तिथे वेळ घालवू नये.

इशारा: प्रीप्रिंट परत घेता येत नाही. आर्काइव्ह असो वा बायोआर्काइव्ह (प्रीप्रिंटची संकेतस्थळं, टप्पा ५ बघा), ‘मागे घेतला’ अशी नोंद लागते, पण जुनी आवृत्ती तशीच उघडता येते.

टप्पा ३: नाव एकच ठेवा

आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तोच क्रम निबंधावर गेला की परदेशी यंत्रणा शेवटचा शब्द आडनाव धरते आणि तुमचं संशोधन वडिलांच्या नावावर जमा होतं. लग्नानंतर आडनाव बदललं की अर्धे निबंध एका बाईंचे, अर्धे दुसऱ्या. चव्हाण, वाघ, क्षीरसागर यांची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे होतात. शहराचंही तेच: ‘एस’नंतर ‘एच’ असलेलं आणि नसलेलं, दोन्ही स्पेलिंगं चालू आहेत.

यावर उपाय म्हणजे ऑर्किड आयडी. सोळा अंकी, मोफत, आयुष्यभर एकच. काही जणांच्या क्रमांकात शेवटी ‘एक्स’ असतो, ती चूक नाही. खातं काढताना महाविद्यालयाच्या मेलसोबत स्वतःची खासगी मेलही जोडा. कंत्राटी नेमणूक संपली की महाविद्यालयाची मेल बंद होते आणि खातं उघडता येत नाही, असं फार जणांचं होतं. ‘इतर नावं’ या रकान्यात माहेरचं नाव आणि जुनी स्पेलिंगं टाका. मग महाविद्यालयाचं पूर्ण नाव, विद्यापीठ, शहर आणि पिनकोड यांची एक ओळ पक्की करून ठेवा आणि प्रत्येक निबंधावर तीच वापरा. एचपीटी-आरवायके किंवा केटीएचएम अशी आद्याक्षरं नाशिकबाहेर कोणालाही कळत नाहीत.

टप्पा ४: फाइल साफ करा

हा टप्पा लोक दहा मिनिटांत उरकतात. अर्धा दिवस द्या.

फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडा. टायपिंग बाहेरून करून घेतलं असेल तर लेखकाच्या जागी डीटीपी सेंटरच्या ऑपरेटरचं नाव किंवा जुन्याच कुठल्यातरी प्रबंधाचं शीर्षक निघतं, आणि गुगल स्कॉलर कधीकधी तेच उचलतं. शीर्षक आणि लेखक हाताने भरा. वर्डमधले शेरे आणि ‘ट्रॅक चेंजेस’ काढून टाका. गाइडने समासात लिहिलेलं ‘हा आकडा कुठून आणला?’ जगाला दिसू नये.

निबंधात मराठी मजकूर असेल, म्हणजे लोकसाहित्याचे उतारे, मुलाखती, प्रश्नावली, तर फाँट युनिकोड आहे का ते बघा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण शोधयंत्राला तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये चिकटवा. मराठीच उमटली तर ठीक. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं आली तर युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग जोडाक्षरं एकेक करून तपासा. रूपांतरात रफार आणि पोटफोड्या ‘ष’ हमखास बिघडतात.

आता ठिकाणांची माहिती. नाशिकच्या संशोधनात हा धोका खरा आहे, कारण इथलं बरंच काम शेतांत, नदीवर आणि डोंगरांत होतं. द्राक्षाच्या निबंधात गाव, वाण, गट नंबर आणि निर्यातीसाठीचा ग्रेपनेटमधला प्लॉट नोंदणी क्रमांक एकत्र आला की शेतकरी कोण ते उघड होतं. त्यात कीटकनाशकांच्या अंशांचे आकडे असतील तर त्याच्या मालाचं नुकसान होऊ शकतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडली, तेव्हा निफाड-दिंडोरीत काय परिस्थिती होती हे इथल्या माणसाला सांगायला नको. तालुक्यापुरतं ठिकाण द्या, प्लॉटला ‘क’, ‘ख’, ‘ग’ म्हणा, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोंतली जीपीएसची नोंद पुसा. दुर्मिळ वनस्पतींनाही हाच नियम. अंजनेरीच्या पठारावरच्या सेरोपेजिया अंजनेरिकाचे अचूक अक्षांश-रेखांश छापणं म्हणजे कंद खणून नेणाऱ्याच्या हातात नकाशा देणं.

तपासणी: कामाशी संबंध नसलेल्या एका माणसाला फाइल द्या आणि विचारा, ‘यावरून कोणाचं शेत, कोणता रुग्ण, कोणती जागा सांगता येते का?’ त्याला सांगता आलं तर फाइल अजून तयार नाही.

टप्पा ५: जागा निवडा

भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र यांच्यासाठी १९९१ पासून चालू असलेलं आर्काइव्ह. नव्या लेखकाला तिथे त्या विषयातल्या आधीच्या लेखकाची शिफारस लागू शकते, त्यामुळे अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशी खातं काढू नका. जीवशास्त्रासाठी बायोआर्काइव्ह, वैद्यकासाठी मेडआर्काइव्ह, रसायनासाठी केमआर्काइव्ह, शेतीसाठी ‘कॅबी’ ही आंतरराष्ट्रीय कृषी संस्था चालवते ते अ‍ॅग्रीआर्काइव्ह. बायोआर्काइव्हची एक अट लोक विसरतात: जर्नलने निबंध स्वीकारल्यानंतर तो तिथे प्रीप्रिंट म्हणून घेतला जात नाही. म्हणून जर्नलला पाठवताना किंवा त्याआधीच तिथे जा. मात्र काही जर्नल्स आजही प्रीप्रिंटला आधीचं प्रकाशन मानतात, तेव्हा टप्पा १ मधला कागद पुन्हा बघा.

आकडेवारी, प्रश्नावली, कोड, पोस्टर यांच्यासाठी झेनोडो. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने चालवलेलं आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मिळते आणि डीओआय, म्हणजे नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. रिसर्चगेट आणि अकॅडेमिया या खासगी कंपन्या आहेत. ओळखी करायला आणि निबंध मागायला चांगल्या, पण कायमस्वरूपी जतनासाठी त्यांच्यावर विसंबू नका. प्रकाशित प्रत तिथे टाकता येत नसेल तर नुसता सारांश आणि डीओआय द्या. कोणी पूर्ण निबंध मागितला तर त्या एका व्यक्तीला खासगीत पाठवण्याची मुभा बरेच प्रकाशक देतात.

इशारा: ‘तुमचा निबंध आर्काइव्हवर टाकून देतो, इतके रुपये द्या’ अशी मेल आली तर उत्तर देऊ नका. आर्काइव्ह, बायोआर्काइव्ह आणि मेडआर्काइव्ह लेखकाकडून एक पैसाही घेत नाहीत.

टप्पा ६: अपलोड

टप्पे १ ते ५ नीट झाले असतील तर हे काम तासाभराचं आहे. फक्त परवान्याच्या रकान्यावर थांबा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, आणि सगळ्यांत मोकळा परवाना निवडला तर काही जर्नल्स पुढे अडवतात. अनुदान देणाऱ्या संस्थेची अट नसेल आणि जर्नल अजून ठरलं नसेल, तर आर्काइव्हचा स्वतःचा किमान परवाना पुरेसा आहे. सारांशात ‘समीक्षण झालेलं नाही’ हे स्पष्ट लिहा. गोदावरीच्या पाण्यावरचा निबंध २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर आला तर रामकुंडाजवळचा एक आकडा उचलून बातमी होणारच. नमुना कोणत्या महिन्यात, कुठे, किती वेळा घेतला हे सारांशातच असेल तर ती बातमी भरकटण्याची शक्यता कमी होते.

टप्पा ७: चर्चा

आधी स्वतःच्या निबंधाबद्दल. लिंक पाठवताना ‘कृपया अभिप्राय द्यावा’ असं लिहिलं की अभिप्राय येत नाही, अंगठा येतो. तीन नेमके प्रश्न विचारा: ‘तक्ता २ मधली संख्याशास्त्रीय चाचणी एवढ्या कमी नमुन्यांना चालेल का?’ ‘आकृती ४ मधला शेवटचा बिंदू वगळणं योग्य आहे का?’ असे. सरसकट शंभर जणांना पाठवू नका. तुमच्या संदर्भयादीत ज्यांचे निबंध आहेत त्यांतल्या पाच-सहा जणांना वैयक्तिक मेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चांगली सूचना त्याच दिवशी वहीत किंवा फाइलमध्ये उतरवा, दोन आठवड्यांनी ती शुभेच्छांखाली गाडली जाते.

आता दुसऱ्याच्या निबंधावर लिहिणं. ज्येष्ठांना प्रश्न विचारायचा आपल्याला संकोच असतो. ‘सर, खूप छान काम, फक्त एक छोटी शंका’ असं म्हणत म्हणत प्रश्नच विरून जातो. दुसऱ्या टोकाला काही जण थेट ‘आकडे बनावट आहेत’ असं लिहून मोकळे होतात. दोन्हींनी विज्ञान पुढे जात नाही. टिप्पणीत चार गोष्टी हव्यात: कोणती आवृत्ती वाचली, कोणती आकृती किंवा तक्ता, तुम्ही स्वतः काय पडताळलं, आणि लेखकाने काय दिलं तर शंका मिटेल.

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना ओळखीचं उदाहरण घेऊ. पानाच्या फोटोवरून द्राक्षाचा रोग ओळखणारं मॉडेल, अचूकता ९९ टक्के, मॉडेलला शिकवण्यासाठी वापरलेला संच प्लँटव्हिलेज, म्हणजे पिकांच्या पानांच्या फोटोंचा सार्वजनिक संग्रह. ‘एवढी अचूकता शक्य नाही’ ही निरुपयोगी टिप्पणी. उपयोगी टिप्पणी अशी लिहिता येईल:

‘आवृत्ती १, तक्ता ३ वाचला. प्लँटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे चारच वर्ग आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिकच्या बागांना ज्यांचा सर्वाधिक त्रास होतो ते डाउनी आणि भुरी त्यात नाहीत. मग निष्कर्षातलं “नाशिकच्या बागांसाठी उपयुक्त” हे विधान कशावर आधारलं आहे? दुसरं, एकाच पानाचे अनेक फोटो शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही गटांत गेले आहेत का? बागेतल्या फोटोंवरची चाचणी जोडल्यास दोन्ही शंका दूर होतील.’

शेवटच्या मागणीला भक्कम आधार आहे. याच संचावरच्या २०१६ च्या गाजलेल्या निबंधात ९९.३५ टक्के अचूकता नोंदवली होती, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या, इतर ऑनलाइन स्रोतांतल्या फोटोंवर ती ३१.४ टक्क्यांवर आल्याचं लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं. प्रामाणिक निबंध असाच लिहितात, आणि अशा नोंदीमुळेच पुढच्याला कुठे काम करायचं ते कळतं.

टिप्पणी आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत. मराठीत मुद्दा पक्का नसेल तर इंग्रजीत तो नुसता भारदस्त होतो.

छापून आलेल्या निबंधावर शंका असेल तर पबपीअर ही जागा आहे. २०१२ पासून चालू आहे आणि तिथे टोपणनावाने लिहिता येतं, नावही यंत्रणाच देते, बहुधा एखाद्या जीवजातीचं. पण जे कोणालाही पडताळता येईल तेच लिहायचं. हेतूवर आरोप केला तर टिप्पणी काढली जाते. त्याआधी निबंध मागे घेतला गेलाय का ते बघा. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मागे घेतलेल्या निबंधावर ते आपोआप इशारा दाखवतं.

तुमच्या निबंधावर कठोर टिप्पणी आली तर त्याच रात्री उत्तर देऊ नका. मूळ आकडेवारी उघडा, हिशोब पुन्हा करा, सहलेखकांना दाखवा. मग मुद्द्यागणिक उत्तर द्या: हे मान्य, हे आवृत्ती २ मध्ये दुरुस्त केलं, हे मान्य नाही आणि त्याचं कारण हे. ‘आपण आमच्या क्षेत्रातले नाही’ हे उत्तर नव्हे. दुरुस्ती सुचवणाऱ्याचे नव्या आवृत्तीत नावानिशी आभार माना, त्याची हरकत नसेल तर.

तपासणी: आवृत्ती २ च्या सुरुवातीला ‘काय बदललं’ याच्या चार ओळी आहेत का?

टप्पा ८: जर्नलमध्ये आल्यावर

प्रीप्रिंटच्या पानावर प्रकाशित निबंधाचा डीओआय जोडा. काही सर्व्हर तो आपोआप जोडतात, तरी स्वतः बघा. गुगल स्कॉलरवर दोन वेगळ्या नोंदी दिसल्या तर त्या एकत्र करा, नाहीतर संदर्भ विभागले जातात.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांची शेवटची अडचण प्रबंध सादर करताना येते. विद्यापीठाचं सॉफ्टवेअर तुमच्याच प्रीप्रिंटशी प्रबंध जुळवतं आणि साम्य एकदम वाढलेलं दिसतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या सुरू होतात. म्हणून प्रबंधाच्या ज्या प्रकरणात निबंध वापरला त्याच्या सुरुवातीलाच तसं लिहा, डीओआय द्या, आणि अहवाल काढण्याआधी ग्रंथपालांना किंवा संशोधन केंद्राच्या समन्वयकांना स्वतःच्या निबंधांची यादी लेखी द्या. तो स्रोत वगळायचा की नाही हे ते ठरवतील, पण वगळून काढलेला आणि न वगळता काढलेला असे दोन्ही अहवाल मागून घ्या आणि गाइडच्या सहीसह प्रबंधाच्या फाइलला लावा.